यंत्राला आलेला वास

तिच्या नव्याकोऱ्या बुटांवर चिखलाचा पहिला फवारा उडाला, तो त्याच्याच बोअर मारायच्या मशीनमधून. खरं तर ती तिथे यायचीच नव्हती. ऑफिसातली मैत्रीण तापाने पडली, म्हणून मातीचे नमुने घ्यायला ऐनवेळी हिला धाडलं.

"सॉरी हं, मॅडम... मशीनला माणसं कळत नाहीत."

"चालवणाऱ्याला कळतात ना?" ती म्हणाली. त्यावर तो असा काही लाजून हसला, की तिचं रागवायचं राहूनच गेलं.

मोडीत निघालेला पेट्रोल पंप होता तो. जमिनीखालच्या टाक्या कित्येक वर्षं झिरपत होत्या. पेट्रोल कुठवर पसरलंय, यावर लक्ष ठेवायला भोवताली वीतभर रुंदीच्या विहिरी पाडायच्या होत्या. तो बोअर मारायचा, नळीतून माती वर काढायचा. ती माती बरणीत भरायची आणि वाफ हुंगणारं यंत्र तिला लावून आकडा बघायची. दिवसभर दोघांच्या मध्ये नुसती माती! तरी नळी देताना त्याची बोटं जरा रेंगाळायची... आणि हिचे कान उगाचच तापायचे. बोलत मात्र कुणी नव्हतं. "ही पिवळी माती छान आहे," एवढंच तो म्हणायचा, तेही तिच्याकडे बघत.

आज शेवटची विहीर होती, पाळणाघराच्या भिंतीलगत. संध्याकाळी बोअरची गाडी दुसऱ्या गावी निघणार. आज हा बोलला नाही, तर संपलंच की सगळं!

त्याने नळी उघडून तिच्यापुढे धरली. तिने बरणी भरली, यंत्र लावलं — आणि आकडा सुसाट वर गेला.

भिंतीपलीकडे पोरांचा किलबिलाट चालला होता.

"मामा, पेट्रोल इथवर आलंय!" तिने गाडीच्या म्हाताऱ्या मुकादमाला हाक मारली. "पाळणाघर आजच रिकामं करावं लागेल." आणि फोन काढला.

"थांबा!" तो पांढराफटक पडला होता. "माती चांगली आहे, मॅडम. तो वास... माझा आहे."

"म्हणजे?"

"अत्तर लावलंय."

मामा खो खो हसले. "तरीच! सकाळपासून गाडी नवरदेवासारखी घमघमतेय!"

"नमुन्याजवळ अत्तर?" ती कडाडली. "या यंत्राला पेट्रोल काय नि अत्तर काय, सगळं सारखंच! पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना? लावलंत कशाला?"

तो खाली बघत बुटाने माती उकरू लागला.

"जा त्या फाटकापाशी. वारा तिकडेच वाहतोय. हलायचं नाही!"

बाकावर उभं केलेल्या पोरासारखा तो जाऊन उभा राहिला. तिने हातमोजे बदलले, मामांकडून शेजारीच नवा बोअर मारून घेतला, नवी बरणी भरली. श्वास रोखून यंत्र लावलं... शून्य. पुन्हा लावलं. शून्य! तिला नाचावंसं वाटलं.

"मॅडम, येऊ का?" फाटकाकडून हाक आली.

"मुळीच नाही! बरणी उघडी आहे."

"पण मला सांगायचंय... कशाला लावलं ते."

"मग तिथूनच सांगा!"

"एवढ्या लांबून?"

"हो. ओरडून."

"मामा, मशीन बंद करा हो जरा!"

मशीन थांबलं. त्याने छातीभर वारा घेतला. "तुमच्यासाठी लावलं! आजचा शेवटचा दिवस म्हणून! मला तुम्ही आवडता... फार आवडता! लग्न कराल माझ्याशी?"

भिंतीवरून पाळणाघराच्या बाईंचं डोकं वर आलं. "अगं बाई!"

"उत्तर दे, पोरी," मामा म्हणाले. "गाडीचा खोळंबा होतोय."

"करेन की!" ती सगळा जीव एकवटून ओरडली. "इतके दिवस मातीचं कौतुक कसलं करत होता? मी काय दिसत नव्हते?"

आणि धावत सुटली.

"अगं, झाकण! बरणीचं झाकण!" मामा मागून ओरडले.

जीभ चावत ती मागे फिरली. झाकण घट्ट लावलं, बरणी बर्फाच्या पेटीत ठेवली, पेटी नीट बंद केली. आणि मग जी धावली म्हणता...