रुमालाखालचा हात

पाइपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्याच्या.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्हीच सोडा ना, मॅडम. मी आधी धरलाय."

"मी नांदेडहून आलेय!"

"मग मी काय झोपून राहिलो होतो का? सकाळी सातपासून उभा हाय इथं."

उदगीरमधल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. सगळी गर्दी सागवानी कपाटांभोवती... आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे एका चाळीस वर्षांच्या व्हॅक्यूम क्लीनरला लटकलेले. लाल, पत्र्याचा, पोट सुटलेला.

बाबांनी तरुणपणी असलेच क्लीनर स्कूटरला बांधून अहमदपूरपासून देगलूरपर्यंत दारोदार विकले होते. आमच्या घरी मात्र केरसुणीच राहिली, कारण विकणाऱ्याला तो परवडत नव्हता. आई गेल्यापासून बाबा बोलेनासेच झालेत. रविवारी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि मला काहीही करून त्यांचा आवाज ऐकायचा होता.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला का सांगत बसले, देव जाणे! सोमेश त्याचं नाव. मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान, आणि घरात असले बारा जुने क्लीनर.

"लई जीव हाय माझा यांच्यावर," तो चक्क लाजला. "पण असला एकपण न्हाई."

लाजताना बरा दिसत होता. मी मुद्दाम कपाटांकडे बघितलं.

बोली लागली. मी वाढवायची, की तो वाढवायचा. शेवटी एकाच आकड्यावर दोघंही अडलो. लिलाव पुकारणारे साहेबराव म्हणजे बैलबाजारातले जुने दलाल. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि सरळ आमच्या हातांवर टाकला.

"बाजाराची रीत हाय. समोरच्यानं मागं सरावं म्हणून काय देता, ते आतल्या आत बोटं धरून सांगा. एक बोट म्हंजे शंभर. पटलं की हात सोडायचा."

मला कुठली सवय! घाबरून मी त्याचा अख्खा पंजाच धरला.

"पाचशे?" तो पुटपुटला. "...पटलं."

मी मान डोलावली, पण हात तसाच. त्याच्या बोटांना घट्टे होते. तळवा गरम होता. भोवतीची मंडळी खुसुखुसू हसायला लागली.

"मॅडम... पटलं की हात सोडायचा असतो."

मी चटकन सोडला. माझे कान तापले होते.

पाचशे रुपये मात्र त्याने घेतलेच नाहीत. "त्यापेक्षा रविवारी येऊ द्या मला. माझ्याबिगर हे चालू व्हायचं न्हाई."

रविवारी तो खरंच आला, क्लीनरच्या मोटरमध्ये घालायचे नवे कार्बन ब्रश घेऊन. दोन तास खपला. बाबा दारात नुसते उभे. मशीन घरघरलं, तसे ते वळून स्वयंपाकघरात गेले. आवाजाचा त्रास झाला की काय?

ते परत आले ते मूठभर कोरडी कणीक घेऊन. सतरंजीवर भसकन फेकली आणि वरून पाइप फिरवला.

"बघा ताई, डोळ्यांदेखत गायब!"

तोच जुना, खणखणीत आवाज. अर्धा तास ते आम्हाला क्लीनर विकत होते. मग पाइप हातात धरून हळूच म्हणाले, "तुझ्या आईला एक घ्यायचा होता गं, मनू. राहून गेलं." आणि लगेच सोमेशकडे वळून, "बसा हो, जेवूनच जा."

संध्याकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. हा माणूस आता जाणार, एवढंच कळत होतं, आणि ते मला मुळीच नको होतं. त्याने खिशातला रुमाल काढला, घडी मोडली आणि माझ्या हातावर पसरला.

"मनस्विनी..." पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने. "काय विचारायलोय, कळलं ना?"

रुमालाखाली मी त्याचा अख्खा पंजा धरला.

"पटलं?"

"पटलं."

"मग... हात सोडायचा असतो."

"माहितीये."

कंडक्टरने दोनदा घंटी दिली. उदगीरची बस निघून गेली. हात मी सोडलाच नाही.