घृताची वात

“ठेव ती पळी खाली!”

अप्पांचा आवाज तसा कधी चढत नसे. आजाऱ्यांशी बोलून बोलून तो मऊ झालेला. पण त्या सकाळी औषधांच्या खोलीच्या दारातून तो असा काही आला, की सुनेच्या हातातली पळी खरोखरच गळून पडली... शेगडीवर कल्हईचं मोठं पातेलं होतं आणि पातेल्यात शतावरीचं तूप रटरटत होतं. थोड्याच वेळापूर्वी “झालं हो, उत्तम झालं!” असं म्हणत अप्पांनी जे पातेलं स्वतःच्या हातांनी खाली उतरवलं होतं, तेच त्यांची पाठ वळताच पुन्हा विस्तवावर चढलं होतं, आणि चढवणारी होती त्यांची लाडकी सून!

“अप्पा, मी फक्त जरासं...”

“जरासं काय? ओली पळी घातलीस, की पाण्याचा हात शिंपडलास? दोन वर्षं तुझं हेच चाललंय! मी म्हणायचो, जाऊ दे, पोर वेंधळी आहे, करता करता शिकेल. पण आज? आज मी तपासून उतरवलेलं पातेलं तू माझ्या पाठीमागे चढवतेस? मी केलेल्या परीक्षेवर तुझा विश्वास नाही?”

सून खाली मान घालून उभी राहिली.  आणि या बोलाचालीत पातेल्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. तळाशी बसलेला वनस्पतींचा लगदा, ज्याला वैद्य कल्क म्हणतात, तो ढवळल्यावाचून लागला, आणि खोलीभर करपट वास पसरला. अप्पांनी धावत जाऊन पातेलं उतरवलं, कल्क चिमटीत घेतला, तर तो काळा आणि चुरचुरीत.

“गेलं,” ते म्हणाले. “पोटात घ्यायच्या लायकीचं राहिलं नाही.”

दारात अप्पांची मुलगी उभी होती. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर तिला आता कुठे दिवस गेले होते, आणि अशक्तपणा फार म्हणून ती माहेरी आली होती. हे तूप तिच्याचसाठी होतं. तिचे डोळे भरून आले.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही का गं?”

बाई गं! जिची स्वतःची कूस अजून उजवली नव्हती, तिला हे ऐकावं लागलं!  ओठांशी आलेले शब्द तिनं तसेच गिळले, कारण त्या शब्दांनी खोलीतल्या दुसऱ्याच कुणाचं तरी काळीज फाटलं असतं.

“उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही,” अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले.

आता खरं काय ते ऐका.

ही पोर या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिला माहेर असं उरलेलंच नव्हतं. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघर दिलं आणि अप्पांनी ही औषधांची खोली. वनस्पती निवडायला, वाटायला, आच राखायला त्यांनी तिला मुलीसारखं शिकवलं. तूप सिद्ध झालं की नाही, म्हणजे कल्काबरोबर घातलेलं पाणी पुरतं आटलं की नाही, हे बघायची त्यांची एक रीत होती. तळातला कल्क पळीनं काढायचा, बोटांवर वळून त्याची वात करायची आणि ती दिव्याच्या ज्योतीत धरायची. वात तडतडली, तर आत अजून पाणी आहे, आणि तसं तूप बरणीत भरलं तर ते नासणार. मुकाट्यानं जळली, तर झालं. आणि जास्त वेळ ठेवलं तर करपलं! त्या मधल्या एवढ्याशा वेळेसाठी कान तयार लागतो, आणि अप्पांच्या कानाची ख्याती अशी की दुसरे वैद्यही आपली पातेली त्यांच्याकडे घेऊन यायचे.

मग सासूबाई गेल्या... आणि अप्पांनी अंथरूण धरलं. आजार म्हणाल तर कसलाच नाही. भिंतीकडे तोंड करून नुसते पडून राहायचे. मुलानं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. शेवटी सुनेनंच एक दिवस मुद्दाम शतावरी सोलायला घेतली, ती चुकीची सोलली, आणि विचारलं, “अप्पा, अशीच ना?” ते तिरीमिरीत उठले! त्या दिवशी त्यांनी कितीतरी महिन्यांनी शेगडी पेटवली. संध्याकाळच्या आत तूप होत आलं, त्यांनी वात वळली, ज्योतीत धरली, आणि त्यांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

“झालं, सूनबाई! ऐकलंस? हूं नाही की चूं नाही!”

वात तर तडतडत होती! अगदी स्वच्छ, लाह्या फुटाव्यात तशी तडतडत होती. सुनेला क्षणभर वाटलं, अप्पा थट्टाच करताहेत. मग तिनं त्यांचे डोळे पाहिले आणि तिला उमगलं. त्या दुःखात, त्या पडून राहण्यात, कधीतरी त्यांचा कान गेला होता! जाडे आवाज त्यांना ऐकू यायचे, बोलणं तोंडाकडे बघून कळायचं, न कळलं तर ते समोरच्यालाच झापायचे, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता!” पण ही बारीक तडतड मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

ते हसू तिनं कसं विझवायचं? तुम्ही विझवलं असतंत? तिनं चटकन ओली पळी पातेल्यात बुडवली आणि म्हणाली, “अय्या! चुकलंच माझं. आता पुन्हा थोडा वेळ ठेवायला हवं.” अप्पा चिडले, वेंधळी म्हणाले, आणि तूप वाचलं.

तेव्हापासून हेच. दर पातेल्याला एक नवी चूक! कधी हात ओला, कधी पळी ओली, कधी शेगडीत कोळसे कमी घातलेले. पाहुण्यांसमोर, रोग्यांसमोर “आमची सूनबाई म्हणजे हातात वस्तू टिकेल तर शपथ” असं अप्पा म्हणायचे, लोक हसायचे, नवराही हसायचा, आणि तीही हसायची... रात्री उशीला तोंड लावून रडायची ते वेगळं. नवऱ्यालाही तिनं काही सांगितलं नव्हतं. त्यानं बापाला सांगितल्यावाचून राहणं शक्य नव्हतं.

त्या सकाळी मात्र नवी चूक तिला सुचलीच नाही. म्हणून तिनं चोरून पातेलं चढवलं, आणि नेमकी सापडली.

पुढचे दिवस तिनं स्वयंपाकघरात काढले. औषधांची खोली भिंतीपलीकडेच. मध्ये एक जाळीची खिडकी. तिकडून खलबत्त्याचा आवाज यायचा आणि हिच्या हातातलं काम थांबायचं. वन्सं तिच्याशी कामापुरतं बोलत. हिनं मात्र त्यांच्यासाठी दूध कोमट करून न्यायचं, पाय चेपायचे, हे काही सोडलं नाही. एका दुपारी पाय चेपता चेपता तिनं धीर करून म्हटलंदेखील, “वन्सं, एक सांगू?”

“सांग ना,” नणंद म्हणाली. आवाजात अजून दुखावलेपणा होता.

“...काही नाही. सूज कमी आहे आज.”

सांगितलं तर अप्पा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतील. न सांगितलं तर पाणी राहिलेलं, नासायला टेकलेलं तूप या पोटुशीच्या पोटात जाईल, बाळाच्या पोटात जाईल! देवा, असा कसा रे हा पेच? पोळ्या लाटता लाटता तिचे अश्रू पिठात पडत होते. शेवटी तिनं मनाशी ठरवलं. तूप बरणीत भरलं, की ती बरणी आपण हातानं फोडायची. मग घरातून घालवून दिलं तरी चालेल.

अप्पांनी दुसरं पातेलं चढवलं. कल्क त्यांनी स्वतः वाटला, कुणाला हात लावू दिला नाही. ढवळायला मुलगी बसली. तिला लहानपणापासून या खोलीच्या वासानं मळमळायचं, त्यामुळे ती इथे कधी फिरकलीच नव्हती. आता नाकाला रुमाल लावून, स्टुलावर बसून, तोंड वाकडं करत ती पळी फिरवत होती. भिंतीपलीकडे सून भांडी घासत होती, पण तिचा सारा जीव कानांत येऊन बसला होता.

फेस बसला. अप्पांनी कल्क काढला, वात वळली, ज्योतीत धरली.

तड... तडतड... तड!

“बाई!” नणंद ओरडली. “केवढी तडतडते हो ही! अंगावर उडेल, अप्पा!”

अप्पांचे ‘झालं’ म्हणायला उघडलेले ओठ तसेच राहिले.

“काय तडतडतंय?”

“ही वात! एवढी फटफट वाजतेय, आणि तुम्ही मला विचारताय?”

अप्पांनी दुसरी वात वळली. ज्योतीत धरली. कान जवळ नेला, इतका जवळ की कानाला धग लागावी. मुलगी दचकून मागे सरली. त्यांनी तिचं दचकणं पाहिलं... आणि त्यांना स्वतःला ऐकू आली ती नुसती शांतता.

सुनेला राहवलं नाही. साबणाच्या हातांनिशी, मनाई विसरून, ती धावतच आत आली.

“अप्पा, माझंच चुकलं हो! कल्क वाटताना माझ्या हातून पाणी जास्त झालं... म्हणून आवाज येतोय... तुमचं काही नाही, सगळं माझंच चुकलं!”

 अप्पा तिच्याकडे बघत राहिले.

“कल्क मी वाटला, सूनबाई,” ते सावकाश म्हणाले. “तुला मी या खोलीत येऊ दिलेलं नाही. तुझा हात याला लागलेलाच नाही.”

 खोटं बोलायची एवढी सवय झालेली, पण आज खोटंच उघडं पडलं होतं!

“ओली पळी,” अप्पा म्हणाले. “ओला हात... शेगडीत कोळसे कमी... दर वेळी मी ‘झालं’ म्हटल्यावरच का गं व्हायच्या तुझ्या चुका?” त्यांनी हातातली वात विझवली. “केव्हापासून?”

“सासूबाई गेल्यापासून,” ती हुंदक्यातून म्हणाली. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

“आणि मी तुला चार माणसांत वेंधळी म्हणत राहिलो!”

“म्हणा ना! त्यानं माझं काय गेलं? तुम्ही पुन्हा अंथरूण धरलं असतंत तर माझं सगळं गेलं असतं, अप्पा... माझा एक बाप आधीच गेलाय!”

अप्पा मटकन स्टुलावर बसले.  आता हे भिंतीकडे वळणार, असंच सुनेला वाटलं. पण त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि ती त्यांच्या पायांशी बसताच तिचं मस्तक छातीशी धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

“वेडे पोरी,” ते म्हणत होते, “मी वैद्य आहे गं. मला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? माझा ताठा उद्या कुणाच्या पोटात गेला असता म्हणजे? ...पण तू तरी काय करणार! सांगितलं असतंस तर मी ऐकून घेतलं असतं थोडंच!”

नणंद केव्हाच उठून त्या दोघांजवळ आली होती. “वहिनी, मी तुला काय काय बोलले गं,” एवढंच तिला म्हणता आलं. सुनेनं तिला जवळ ओढलं आणि साबणाचा हात तिच्या गालाला लागला, तो तसाच राहिला.

पातेलं पुन्हा उकळायला लागलं, तेव्हा कुठे सगळ्यांना भान आलं. अप्पांनी डोळे पुसले. सुनेला शेगडीशी, ज्योतीच्या अगदी जवळ बसवलं. ती ढवळत राहिली, ते वास घेत राहिले, रंग बघत राहिले. योग्य वेळी त्यांनी कल्क काढला, वात वळली. बोटं अजून तशीच तयार होती. वात ज्योतीत धरली आणि ते तिच्या तोंडाकडे बघू लागले. पण ती मुसमुसतच होती.

“आधी ते हुंदके थांबव,” अप्पा दटावून म्हणाले. “मला ऐकू येत नाही ते येत नाही, निदान तुला तरी यायला हवं ना!”

रडता रडता नणंद खुदकन हसली. सुनेनं श्वास रोखला. वात जळत गेली, शेवटपर्यंत जळली, मुकाट्यानं.

“झालं, अप्पा,” ती पुटपुटली. सासऱ्यासमोर तिनं आजवर आवाज म्हणून चढवला नव्हता.

“काय? मोठ्यानं बोल.”

तिनं दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकांवर रोगी बसलेले होते. “अप्पा, माणसं आहेत बाहेर. त्यांना कळेल...”

“कळू दे,” अप्पा म्हणाले. “वैद्याला ऐकू येत नाही आणि त्याची सून त्याच्यासाठी ऐकते, हे सगळ्यांना कळू दे. सांग. चांगलं मोठ्यानं सांग!”

तेव्हा ती ओरडली. दोन वर्षं गिळलेलं सगळं त्या एका शब्दात आलं, आणि बाकांवरची माणसं चमकून उभी राहिली.

“झालं, अप्पा! झालं!”

“ऐकलं गं पोरी,” अप्पा म्हणाले, आणि दोघांनी मिळून पातेलं खाली उतरवलं.