खडा काढून ठेवलेला लायटर

साकोलीच्या बस स्टँडमागे भंगारवाल्यानं माझी पिशवी तराजूत ठेवली आणि मध्येच एक हात आला. बोटं काजळीनं काळी झालेली, पण पिशवीतली पितळी दांडी त्यानं इतकी अलगद उचलली की मी बघतच राहिले.

"हे विकून राहिले का तुमी?"

"नाही. वजन किती भरते ते पाहाले आली होती," मी म्हणाले. खोचक बोलायची खोड माझ्या जिभेला आहे आणि ती एक दिवस मला नडणार, असं आई म्हणते.

तो हसला नाही. दांडी उन्हात धरून फिरवत राहिला. तो माझ्या बाबांचा लायटर होता. वीतभर लांब, टोकाला दातेरी चाक, चाकाखालच्या नळीत चकमकीचा खडा. अंगठ्यानं चाक फिरवलं की स्टोव्हच्या वाटीतल्या स्पिरिटवर ठिणगी पडायची. बाबा जंगलातल्या सर्वेक्षणाच्या कॅम्पांवर स्वयंपाकी होते. आता गुडघे गेले, कॅम्प संपले, आणि आईनं त्यांच्या पेटीतला निम्मा माल भंगारात काढला होता.

"सतरा खाचा आहेत याच्यावर," तो म्हणाला. "कायच्या?"

"एका कॅम्पाची एक. बाबा कानशीनं पाडत."

"अन् तुमी किलोनं देऊन राहिले."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "मंग तुमीच घ्या. रडता कायले?"

त्यानं घेतला नाही. दुरुस्त करून देतो म्हणाला. नाव नीलेश, पवनीच्या विणकरांच्या घरातला. घरचे माग सोडून तो शेगड्यांच्या नादी लागला होता, आणि त्याचं शेगडी दुरुस्तीचं दुकान मी कामाला असलेल्या ऑनलाइन फॉर्मच्या केंद्रापासून सात दुकानांवर होतं. वर्षभर मी रोज त्याच्यासमोरून जात होते म्हणजे. भेटायचं ते भंगारात.

दुकानाच्या मागच्या फळीवर त्याचा खरा संसार होता. कॅम्पच्या स्टोव्हचे जुने लायटर, एकूण एकेचाळीस. पिस्तुलासारखे, वाटीचे, स्टोव्हच्या अंगातच बसवून बाहेरून चावी फिरवायचे. टूथब्रश रॉकेलात बुडवून तो चाकाचे दाते घासायचा आणि दातांतली घाण सुईनं काढायचा. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथं बसायला लागले. त्यानं कधी ये म्हटलं नाही, पण स्टूल मात्र पुसून ठेवलेलं असायचं.

"पेटवून दाखव नं एखादा," मी एकदा म्हणाले.

"यायच्यात खडा नाही."

"एकातबी नाही? मंग जमवले कायले?"

"ठेवाचा असन तं खडा काढूनच ठेवा लागते," तो म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे नाही, लायटरकडे बघायचा. "आत राहिला तं पावसाळ्यात ओल धरते. फुगते, त्याचं पीठ होते, नळीत घट्ट बसते. मंग खडाबी जाते अन् लायटरबी. वापरात असन तरच खडा आत ठेवाचा."

"अन् माझा?"

"तुझा कसा ठेवू?" पहिल्यांदाच त्यानं मला 'तू' म्हटलं, आणि कान लाल झाले त्याचेच.

"खडा काढू नको," मी म्हणाले. "माझा वापरात राहीन."

आमच्या घरी ओल फार, अशी थाप मारून मी लायटर त्याच्याकडेच राहू दिला. तेव्हापासून रोज पाच वाजता मी बसकडे निघाले की तो दाराशी यायचा आणि चाक एकदा फिरवायचा. एक ठिणगी. बस्स. श्रावणाची झड लागली, समोरच्या पानठेल्याचं छप्पर गळायला लागलं, लोक छत्र्या सावरत पळायचे, आणि मी भिजत उभी राहून त्या एका ठिणगीसाठी थांबायचे. हसू येतं आता. त्या दिवसांत मी फार सुखी होते, हेही खरं आहे.

एका रविवारी तो लायटर दाखवायला सानगडीला आमच्या घरी आला. बाबांनी सतराही खाचांवरून अंगठा फिरवला आणि दोघं तासभर बोलत बसले. बाबा मला अजून गुड्डीच म्हणतात. तो गेल्यावर म्हणाले, "गुड्डीले मागाले जो पोरगा येईन, त्याचा चहा मी करन. माझ्या स्टोव्हवर, याच लायटरनं. अन् अठरावी खाच त्या दिवशी पाडन."

म्हणजे दार उघडंच होतं. त्यानं फक्त आत यायचं होतं.

दसऱ्यानंतर तुमसरचं स्थळ आलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचं नाटक रंगतं आणि सोयरिकीही तिथंच पक्क्या होतात. तुमसरवाल्यांना सानगडीच्या मंडईपर्यंत उत्तर हवं होतं. मी नीलेशला सगळं सांगितलं. तो दिवाळीला पवनीला निघाला, तेव्हा बस स्टँडवर पुन्हा सांगितलं.

"मंडईच्या दिवशी घरी येजो. बाबाजवळ बोलजो. नाही आला तं घरचे तुमसरले हो म्हणतीन."

"येईन…" तो म्हणाला. मग बसच्या पाटीकडे बघत, "…पाहतो."

मी 'येईन' तेवढं घेतलं. त्यानं खिशातून रुमालात बांधलेला लायटर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. बोटं क्षणभर तिथंच राहिली.

"मंडईले तूच दे नं बाबाले."

"नाही… तूच ने."

लाजतोय, असं मला वाटलं. नऊ दिवस तो रुमाल माझ्या उशीखाली होता. गाठ मी सोडली नाही.

मंडईच्या दिवशी बाबांनी अंगणात स्टोव्ह मांडला, घासून लखलखीत केला. तीन कप, तिसरा नीलेशचा. बाजूला कानस. दुरून दंडारीची ढोलकी ऐकू येत होती. चार वाजले, पाच वाजले. "रस्त्यात गर्दी असन," बाबा म्हणाले, "आधण तं ठेवू." मी रुमालाची गाठ सोडली.

बाबांनी चाक फिरवलं. खर्र. पुन्हा फिरवलं. ठिणगी नाही. त्यांनी बुडाचा स्क्रू काढून नळी तळहातावर उपडी केली. नुसती स्प्रिंग पडली.

"खडा काढून ठेवला पोरानं," ते कौतुकानं म्हणाले. "जाणकार आहे. ठेवाचा लायटर असाच देतात."

मी कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यामागे गेले आणि फोन लावला.

"खडा काढला तू."

पलीकडे मागाची खटखट ऐकू येत होती. "…हो."

"कोण आहे?"

"मामाची पोरगी, कीर्ती. बाबा गेले तवापासून मामानंच आमाले सांभाळलं. मायनं लहानपणीच शब्द देऊन ठेवला होता."

"तुले माहीत होतं?"

"पहिलेपासून."

"मंग रोज पाच वाजता चाक कायले फिरवत होता?"

"तेवढंच होत होतं माझ्यानं," तो म्हणाला. "तृप्ती, मले तुझ्याबद्दल…"

"बोल. आज तरी पूर्ण बोल."

"जीव आहे तुझ्यावर."

हे तीन शब्द ऐकायला मी अख्खा पावसाळा भिजले होते. ते आले, आणि त्यांचं मी काहीच करू शकत नव्हते.

"तोंडानं सांगता नाही आलं," तो म्हणाला. "वाटलं, घरी जाऊन तू उघडून पाहशीन."

"मी कायले उघडून पाहीन? माझा विश्वास होता."

तो रडत होता. मी फोन ठेवला. मला रडूही आलं नाही, नुसतं आत काही उरलं नाही असं वाटत राहिलं. अजूनही वाटतं.

अंगणात आले तर बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आईकडून माचिस मागून घेतली. स्टोव्ह पेटला. चहा झाला. त्यांनी तिन्ही कप भरले, मांडलेलेच होते म्हणून असेल. तिसऱ्यावर साय धरली, तेव्हा तो मीच पिऊन टाकला.

"माचिसनं पेटवलं तं खाच पाडत नसतात," म्हणत त्यांनी कानस पेटीत टाकली.

आई दारातून हळूच म्हणाली, "तुमसरले काय सांगू?"

"हो सांग."

बाबा पेटीत काहीतरी शोधत राहिले. तळाशी एक जुनी कागदाची पुडी सापडली, ती त्यांनी उलगडली. आत एकच खडा होता, कोरडा, न वापरलेला.

"बसवून देऊ का गुड्डी? सासरी नेजो."

मी लायटर त्यांच्या हातातून घेतला, रुमालात गुंडाळला आणि तशीच गाठ मारली.

"नको बाबा. ठेवाचाच आहे."