सावरवेळ

पंख्याच्या वाऱ्यात हलणाऱ्या मेथीचे देठ आडोशाच्या मेथीहून जाड झाले होते. फरक केसाएवढा, पण डॉ. मृदुला खांबेटे यांनी तो दोनदा मोजून पाहिला.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या या वसाहतीत थोड्या धक्क्यांनी बळ येते, हेच तत्त्व त्यांनी माणसांनाही लावले होते. दर आठवड्याला न सांगता एक लहानशी अडचण घडवून आणायची: कधी दिवे घालवायचे, कधी पाण्याचा दाब उतरवायचा. मग नाडी आणि काम पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, ते सर्वांच्या मनगटपट्ट्यांवरून मोजायचे. या अवधीला त्यांनी 'सावरवेळ' असे नाव दिले होते. ती ठरलेल्या मर्यादेखाली आली, की इथल्या लोकांच्या मुलांना पृथ्वीवरून येण्याची परवानगी मिळणार होती. प्राणवायू विभागाचा अभियंता फिरोज तडवी याची मुलगी भुसावळला आजीकडे त्या दिवसाची वाट पाहत होती.

पण वर्षभर सावरवेळ जागची हललेली नव्हती.

"अडचणी जरा कठीण करूया," मृदुलाताई म्हणाल्या.

"नको. ताई, एक दाखवू? रागावणार नसाल तर."

फिरोजने पडद्यावर आलेख उघडला. एकच आठवडा निराळा होता. सावरवेळ थेट निम्म्यावर, मर्यादेच्याही खाली.

"यंत्र बिघडलं असेल."

"तुमची अक्कलदाढ काढली तो दिवस आहे हा. तुम्ही भूल घेऊन झोपला होतात. तुम्ही आधीच लावून ठेवलेल्या वेळेला पाणी गेलं. आम्ही आधी भांडलो, सुषेणने बादली आपटली, मग सगळे कामाला लागलो."

"आणि एरवी?"

"एरवी आम्ही तुमच्या दाराकडे बघतो. तुम्ही येता, 'काही होत नाही रे' म्हणता, आल्याचा चहा देता. फार बरं वाटतं. पण तेवढा वेळ कुणी हात हलवत नाही."

मृदुलाताईंनी तो निम्म्यावरचा आकडा पुन्हा तपासला. "मग मी दार लावून बसते."

"तुम्ही? परवा नमिता नुसती शिंकली, तर काढा घेऊन धावलात." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "आणि दारामागे तुम्ही आहात हे माहीत असलं, की आम्ही थांबणारच."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"मागचं परतीचं यान गेलं, त्याच्या आधीपासून."

"मुलगी तिकडे वाट बघतेय, आणि तू गप्प बसलास?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात."

परतीच्या यानात त्यांची जागा दर खेपेला राखलेली असे. प्रयोग अर्धवट आहे असे म्हणून दर खेपेला त्या ती दुसऱ्याला देऊन टाकत. तो अर्धवट का राहतो, ते आता समोर पडद्यावर होते.

फिरोज पडदा बंद करायला गेला. त्यांनी त्याचा हात धरला.

"मुलीला तयारीला लागायला सांग," त्या म्हणाल्या. "येत्या यानाने मी परत जाते."