तारेचा उलटा पीळ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण क्युबात, हवानाजवळच्या कोहीमार गावात हे घडलंय. भुताला रात्र लागते म्हणतात. इथे ऑगस्टातली भर दुपार होती, लख्ख ऊन होतं.

रिगोबेर्तो मेकॅनिक. सात वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ नेल्सन जुन्या गाडीची नाव करून समुद्रातून अमेरिकेला, मायामीकडे निघाला. पोचल्याचा निरोप नाही, बुडाल्याची खबर नाही. आई, अम्पारो, आल्यागेल्याला ठणकावून सांगायची, "पोचलाय तो. आळशी मेला, फोन करत नाही."

त्या दुपारी टॅक्सीवाला एरिबेर्तो आपली बावन्न सालची प्लायमाउथ घेऊन आला.

"इंजिन बघ रे. दोन दिवस झाले, खारट वास मारतंय."

"आंघोळ कर, जाईल वास," म्हणत रिगोने बॉनेट उचललं.

आणि तो तसाच आत वाकला...

महिन्यापूर्वी हे इंजिन त्यानेच खोलून बसवलं होतं. आता पाण्याचा पाइप रेडिएटरकडे न जाता खाली, गाडीच्या पोटाबाहेर गेला होता. बाहेरचं पाणी ओढायला. धुराचा पाइप उभा वर वळवला होता. लाट आत शिरू नये म्हणून.

रस्त्यावरच्या गाडीला हे कशाला?

"कोणाकडे दिली होतीस?"

"आईशप्पथ, तुझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही."

रिगो आणखी वाकला. पाइपावर तार आवळलेली होती...

उलट्या पिळाची.

असा पीळ डावखुरा नेल्सनच घालायचा. आणि तार नवीकोरी होती.

रिगोला भरून आलं. म्हणजे पोरगा जिवंत आहे. लपूनछपून परत आलाय.

"आई, बाहेर ये," त्याने हाक मारली आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. पण आवाज दबका होता... पाण्याखालून यावा तसा.

गल्लीतल्या कोंबड्या गप्प झाल्या.

रिगोने किल्ली काढून घेतली. इंजिन चालूच राहिलं. बऱ्याच वेळाने आपणहून थांबलं.

त्याने खालचा बोल्ट सैल केला. पाणी आलं. बादली भरली. दुसरी भरली... धार थांबेना. एवढं पाणी त्या इंजिनात मावतच नाही. रिगोने बोट जिभेला लावलं. समुद्राचं पाणी होतं.

"आई, हात नको लावू, भाजेल."

तोवर अम्पारोने इंजिनावर तळहात ठेवला होता. तिने तो काढला नाही.

"किती गार पडलंय माझं लेकरू," ती म्हणाली.

रिगोनेही हात लावला. खरंच गार होतं, बर्फागत.

त्या रविवारी अम्पारोने चर्चमध्ये नेल्सनच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवली. सात वर्षांत पहिल्यांदा ती रडली.

त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी रिगोने पुन्हा बॉनेट उघडलं होतं. इंजिन साधंसुधं होतं, त्याने बसवलं होतं तसंच. ती गाडी अजून हवानात सवाऱ्या नेते. रिगो तिच्यात पाय ठेवत नाही.

पोरगा आईला खबर द्यायला आला होता, असं सगळी गल्ली म्हणते. रिगो मान डोलावतो. पण ते इंजिन पुन्हा समुद्रात जायला सज्ज केलेलं होतं, हे त्याने स्वतः पाहिलंय. आणि निघताना नेल्सन त्याच्या कानात काय म्हणाला होता, हे त्याने आईलाही सांगितलेलं नाही.

"तुला न्यायला येईन, दादा."