सहा वर्षांत एकही तक्रार नाही

पुण्यातल्या महाविद्यालयाच्या संवादकेंद्राच्या काचेच्या दारावर डॉ. केतकी राजवाडे यांनी बोट टेकवलं, तेव्हा दार गोड आवाजात म्हणालं, "सुप्रभात, आपला दिवस आनंदात जावो." केतकीबाईंनी दाराला शिवी हासडली. अठ्ठावन्न वर्षांच्या, भूजलशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला हे शोभत नव्हतं. पण त्या सकाळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि वाटेत येईल त्याची खैर नव्हती.

कारण होतं रमाई खंडारे. वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याची एकोणीस वर्षांची मुलगी. यंदा पहिल्यांदाच घेतलेल्या ऑनलाइन वर्गात दोनशे बारा विद्यार्थी होते, पण खरं सांगायचं तर बाई तिच्या एकटीसाठी शिकवत. काय एकेक प्रश्न विचारायची! 'खडकातल्या भेगांच्या दिशेवरून पाणी किती जुनं आहे हे सांगता येईल का?' पीएच.डी.च्या मुलांनीही बाईंना असं काही विचारलं नव्हतं. शिवाय बोलणं कसं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. त्या मुलीने काल प्रवेश रद्द करण्याचा अर्ज भरला होता. आज संध्याकाळी पाच वाजता तो कायम होणार होता आणि नव्या नियमाप्रमाणे पुढची पाच वर्षं तिला कुठल्याच महाविद्यालयात प्रवेश मिळणार नव्हता.

"तुमच्या यंत्राने काहीतरी घोळ घातलाय," आत शिरता शिरता बाई कडाडल्या. "असली मुलगी कोर्स सोडते? आणि तिची सहामाहीची उत्तरपत्रिका कोरी? कोरी?"

केंद्राचा अभियंता निनाद पेंढारकर हा तिशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि नोंदी तपासल्या. "खरंच कोरी आहे, मॅडम. वर फक्त नाव लिहिलंय."

"मग वर्गातच काहीतरी बिघडलंय. आणखी एक ऐका. मी प्रत्येक तासाला मुद्दाम एक चूक करते. तीस वर्षांची सवय आहे माझी. जो ती पकडतो तो जागा आहे, हे मला कळतं. परवा मी म्हटलं, वाळूपेक्षा चिकणमातीतून पाणी भराभर झिरपतं. शेंबडं पोरही हसेल यावर! दोनशे बारांत एकानेही तोंड उघडलं नाही. रमाईनेसुद्धा नाही."

निनाद चुळबुळला. मग त्याने परवाचा तास पडद्यावर लावला, विद्यार्थ्यांना दिसला तसा.

पडद्यावरच्या केतकीबाई प्रसन्न हसत होत्या. थेट कॅमेऱ्यात बघत त्या म्हणाल्या, "चिकणमातीपेक्षा वाळूतून पाणी भराभर झिरपतं, बरं का मित्रांनो."

"हे मी बोललेच नाही," बाई म्हणाल्या. "आणि मित्रांनो? मी जन्मात कुणाला मित्रांनो म्हटलेलं नाही!"

"तुम्ही बोललात ते परिमार्जकाने दुरुस्त केलं, मॅडम."

"कोण हा परिमार्जक?"

"माणूस नाही, प्रणाली आहे. संवाद-परिमार्जक. बोलणं पोहोचण्याआधी घासूनपुसून घेणारी." निनाद आता जरा मोकळा झाला, कारण हा त्याच्या अभिमानाचा विषय होता. "चांगल्या ऑनलाइन अध्यापनाचे सत्तावीस निकष आहेत ना? कॅमेऱ्याकडे पाहावं, सलग फार वेळ बोलू नये, उपरोध टाळावा, प्रत्येक प्रश्नाचं कौतुक करावं. आधी आम्ही शिक्षकांची शिबिरं घ्यायचो. सगळे माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखंच शिकवायचे. मग निकष थेट प्रक्षेपणातच बसवले. तुमच्यात आणि मुलांमध्ये चार सेकंदांचं अंतर ठेवलंय. तेवढ्यात चेहरा, आवाज, मजकूर, सगळं निकषांत बसवून पुढे जातं."

"मला न विचारता?"

"करारात कलम आहे, मॅडम."

"खड्ड्यात गेलं तुमचं कलम!" बाईंचा आवाज चिरकला. "त्या निकषांच्या समितीवर मी होते, माहितीये? कौतुकाचा निकष माझ्या हातचा आहे. पण तो माणसाने पाळायचा होता. प्रश्न ऐकायचा, समजून घ्यायचा आणि मग कौतुक करायचं. यंत्राने मध्येच हसरा मुखवटा चढवायचा असता तर मी कशाला तासन्‌तास डोकं खपवलं असतं?"

"पण परिणाम बघा ना," निनाद समजुतीच्या स्वरात म्हणाला. "सहा वर्षांत एकही तक्रार नाही. विद्यार्थ्यांची नाही, शिक्षकांची नाही."

बाई पुन्हा बरसणार होत्या, पण थांबल्या. खडकाच्या नमुन्याकडे बघावं तसं त्या त्याच्याकडे रोखून बघत राहिल्या.

"तक्रार करायची झाली तर कुठून करतात?"

"याच जाळ्यावरून. दुसरा मार्गच नाही." वाक्य संपेपर्यंत निनादचा आवाज बसला.

"म्हणजे मुलांचं बोलणंही तुम्ही घासूनपुसून पाठवता."

"संवाद म्हटला की दोन्ही बाजू आल्या, मॅडम. पूर्वी समोरून नुसती शांतता यायची. शिक्षक खचायचे, राजीनामे द्यायचे. म्हणून एकविसावा निकष आहे. शिक्षकाचा उत्साह टिकावा यासाठी दर तासाला किमान तीन अर्थपूर्ण प्रश्न."

"मूळ आवाज आहेत?"

"सत्र संपेपर्यंत ठेवतो."

"रमाईचे लावा. भेगांच्या प्रश्नापासून."

आधी खरखर आली, कुठेतरी भांडं पडलं. मग एक घाबरा, घाईतला आवाज. बाईंनी तो आजवर कधीच ऐकला नव्हता. "मॅडम, जरा थांबा ना. मले काहीच समजून नाही राहिलं. ते खडकाचं पुन्हा सांगा न."

पुढच्या आठवड्यातला आवाज चढलेला होता. "मॅडम, तुमी नुसतं चांगला प्रश्न, चांगला प्रश्न म्हणता. मी काय विचारलं थे ऐकलं तरी का तुमी?"

त्याच्या पुढच्या आठवड्यात तो पडला होता. "बाकीचे सारे किती हुशार प्रश्न विचारतेत. मलेच डोकं नाही वाटते."

बाकीच्यांचे प्रश्नही यंत्रानेच केलेले होते. दोनशे बारा मुलं दोनशे बारा खोल्यांत बसून एकमेकांचे बनावट प्रश्न ऐकत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की ढ आपण एकटेच. केतकीबाईंना इतका संताप आला की पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण त्याहून जास्त राग त्यांना स्वतःचा आला. मानोऱ्याची पोर अस्सल पुणेरी बोलते, याचा त्यांना पहिल्याच दिवशी संशय यायला हवा होता. त्यांना मात्र कौतुक वाटलं होतं. आपल्यासारखं बोलतं ते हुशार, एवढीच त्यांची पारख. लाजेने त्यांचे कान तापले.

"तिला फोन लावा."

"तिच्याकडे महाविद्यालयाने दिलेलाच फोन आहे," निनाद खाली बघत म्हणाला. "तोही परिमार्जकातूनच जातो. तुम्ही माफी मागितलीत तर..."

"तर तिला अभिनंदन ऐकू येईल. कळलं." बाईंनी पर्स उचलली. अकरा वाजत आले होते. जलदगाडीने वाशीम अडीच तासांवर, तिथून मानोरा तासाभराच्या आत. पाचच्या आधी तिच्यासमोर उभं राहता येणार होतं. मधे चार सेकंद नाहीत, यंत्र नाही. ती शिव्या देईल, खुशाल देऊ दे.

दारापाशी जाऊन त्या वळल्या. "मंगळवारी तिने विचारलं होतं, 'या विषयात मी माझ्या वाटेने पुढे जाऊ का?' त्या दिवशी मी अगदी मनापासून बोलले होते तिच्याशी. ती खरं काय म्हणाली होती?"

निनादने आवाज लावला. या वेळी घाई नव्हती, राग नव्हता.

"मॅडम, शेवटचं विचारते. मले जमत नसन तर सोडून देऊ का मी हे सारं? तुमी सांगान तसं करीन."

आणि लगेच केतकीबाईंचा स्वतःचा आवाज, मायेने ओथंबलेला. "जरूर! दुसरा विचारही करू नकोस. तुझ्यासारख्या मुलीने या वर्गात बसून वेळ घालवूच नये."

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"हे माझं उत्तर," त्या कशाबशा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता चक्क आर्जव होतं. "हे तरी बदललं असेल ना तुमच्या यंत्राने? तिला काय ऐकू गेलं?"

निनादने नोंद दोनदा वाचली.

"यात कौतुक होतं, प्रोत्साहन होतं, उपरोध नव्हता," तो म्हणाला. "निकषांत पूर्ण बसत होतं, मॅडम. या सत्रात तुमच्या तोंडचं जसंच्या तसं तिच्यापर्यंत पोहोचलेलं एवढंच एक उत्तर आहे."