दारातल्या चपला

धाकट्या भावाचा पहिलाच सिनेमा, म्हणून ताईने संकलन अंगावर घेतलं होतं. चुका हेरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शॉट बदलला आणि पेल्यातलं पाणी वाढलं, की तिच्या डोळ्यांत ते लगेच खुपायचं.

सिनेमा उद्या सोपवायचा होता. दुपारची जेवणं उरकून दोघं संकलनाच्या खोलीत बसले होते. पडद्यावर शेवटचा प्रसंग. नायिका टेबलाशी बसून फोनवर बोलतेय, मागे उघडं दार, दारात बायकी काळ्या चपला.

"थांब. इथे चपलांची तोंडं बाहेर आहेत, पुढच्या शॉटमध्ये आत."

"कुणाचा तरी पाय लागला असेल. लोक काय चपला बघायला येणार आहेत?"

"माझं लक्ष गेलं ना? मग त्यांचंही जाईल."

बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी तिने सगळं मूळ चित्रीकरण काढलं. पहिल्या टेकमध्ये चपला उंबऱ्याबाहेर. नंतरच्या टेकमध्ये आत. मग टेबलाजवळ. शेवटच्या टेकमध्ये नायिकेच्या खुर्चीला अगदी खेटून.

भावाने सेट लावणाऱ्याला फोन केला.

"चपला? आम्ही ठेवल्याच नाहीत. फरशीवर डाग नकोत म्हणून सगळे मोज्यांवर वावरत होतो की!"

भाऊ कसनुसा हसला. ताईने टेकचा क्रम पुन्हा तपासला. क्रम बरोबर होता. नेमकी चूक कोणत्या शॉटमध्ये आहे, हेच आता तिला ठरवता येईना.

"पुसून टाकू," भाऊ म्हणाला. "डोक्याला ताप नको."

शेवटचा टेक इफेक्ट्सवाल्याकडे गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, चपला काढल्या. पण त्या बाई आता अनवाणी दिसतात. चालेल ना?"

"कोणत्या बाई?"

"थट्टा करताय होय? खुर्चीमागच्या."

ताईने त्याचा शॉट लावला. चपला नव्हत्या. बाईही नव्हती. टेबल, दार, नायिका.

"सुटलो," भाऊ म्हणाला.

हा टेक ताईने दुपारभर पाहिला होता. त्यात नायिका जागची हलत नव्हती.

तिने शॉट पुन्हा लावला.

फोनवर बोलता बोलता, मागे वळूनही न पाहता, नायिकेने खुर्ची जराशी पुढे ओढली. मागून कुणाला तरी जायला वाट द्यावी, तशी.